मनोऱ्याच्या पायथ्याची खोली

महाराष्ट्रातील दूरदर्शनचा इतिहास सांगावयास बसलेला माणूस बहुधा २ ऑक्टोबर १९७२ या तारखेपासून आरंभ करतो. त्या दिवशी मुंबई केंद्र सुरू झाले. मग ओघानेच नावे येतात. बातम्या वाचणारी तरुण स्मिता पाटील, ‘गजरा’, ‘आमची माती, आमची माणसं’, तबस्सुमच्या मुलाखती आणि ‘छायागीत’ लागले की ज्या एका घरी संच असेल तिथे गोळा होणारी सारी आळी. ही नावे घ्यावीत, आनंदाने घ्यावीत. परंतु या इतिहासात एक खोली कोठेच येत नाही. स्टुडिओत उच्चारलेला शब्द आणि चेहऱ्यावर उमटलेले हसू ज्या खोलीतून बाहेर पडून घरोघर गेले, ती प्रक्षेपकाची खोली. माझे उमेदीचे दिवस अशा खोल्यांत गेले. नोकरी संपल्यावर मी वाशीला येऊन राहिलो. दिवाळीत घरची मंडळी फराळाच्या निमित्ताने एकत्र बसली, की नातवंडे विचारतात, “आजोबा, तुम्ही टीव्हीत काय करत होता?” ‘अंगी बळ नसलेल्या चित्राला बळ देत होतो,’ एवढेच उत्तर मला सुचते. त्या उत्तराचा अर्थ नीट सांगावा, म्हणून हा लेख.

मी राहतो ते शहर आणि ते चित्र, दोन्ही एकाच सुमारास जन्माला आली, ही गंमत आधी सांगितली पाहिजे. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, आणि वाशीचा खाडीपूल १९७३ साली वाहतुकीला खुला झाला. म्हणजे मोटारी पुलावरून खाडी ओलांडू लागण्यापूर्वीच वरळीहून निघालेले चित्र खाडी ओलांडून वाशी-तुर्भ्याच्या मिठागरांवर आणि कोळीवाड्यांवर येऊन ठेपले होते. ते पाहण्यास इकडे संच फारसे नव्हते, हा भाग निराळा. वरळी ते वाशी हे अंतर सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर. एवढे अंतर कापून भिंतीआडच्या तारेत हलकीशी थरथर निर्माण करावयाची, तर निघताना अंगात केवढे बळ असले पाहिजे! आणि ते येते कोठून?

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॉट होती. आज घरातली इस्त्री आणि मिक्सर एकदम चालू केले तर जवळपास तेवढीच वीज लागेल. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला तो तर अवघ्या ५०० वॉटवर. आपले पु. ल. देशपांडे दिल्लीच्या त्या सुरुवातीच्या मंडळींत होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. ते ५०० वॉट मात्र कोणाच्या ध्यानात नसतात. पुढे दूरदर्शनच्या मोठ्या केंद्रांवर १० किलोवॉटचे प्रक्षेपक बसले. एका अंगाने हा इतिहास या आकड्यांच्या चढणीचा आहे. पण आकडा वाढवणे हे त्यातले सोपे काम. तो वाढवताना चित्र बिघडू न देणे हे कठीण काम, आणि त्या खोलीतल्या माणसांचे आयुष्य त्यात गेले.

कॅमेऱ्यातून निघालेले चित्र तारेवर येते तेव्हा त्याची उंची असते एक व्होल्ट, आणि शक्ती म्हणाल तर काही मिलिवॉट. वॉटचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिवॉट. एवढ्यावर हातविजेरीतला दिवाही धड लागत नाही. या बोटभर प्रवाहाचे १० किलोवॉट करावयाचे, म्हणजे सुमारे दहा लक्ष पट वाढ झाली.

ही वाढ होते कशी? उसाला पाणी देताना शेतकरी पाटावर दारे धरतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला समजावण्यास वेळ लागत नाही. पाणी धरणाचे, त्याचा जोर धरणाचा. दारे धरणाऱ्याच्या अंगात तो जोर नसतो. त्याने खोऱ्याने माती थोडी इकडची तिकडे केली की पाणी कमी होते, जास्त होते. हालचाल लहान, परिणाम मोठा. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगने निर्वात काचनळीत तापलेली तार आणि तिच्यासमोर धातूचा पत्रा बसवला. तापलेल्या तारेतून निघणारे विद्युत्कण पत्र्याकडे धावू लागले. हा झाला पाट. दोन वर्षांनी, १९०६ साली, अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्या दोहोंच्या मध्ये तिसरा एक तारेचा तुकडा घातला, आणि लवकरच त्याची जाळी झाली. हे झाले दार. जाळीवर किंचित विजेचा दाब कमी-जास्त केला की तारेकडून पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालात कमी-जास्त होतो. आमच्या धंद्यातले ‘व्हॉल्व्ह’ म्हणजे हेच, आणि इंग्रजीत त्या शब्दाचा मूळ अर्थही झडप असाच आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, लहान प्रवाहाला फुगवून मोठा करीत नाही. तो विजेच्या मुख्य तारेतून आलेला मोठा प्रवाह घेतो आणि त्याला लहानाच्या आकाराचे वळण लावतो. प्रक्षेपकातून बाहेर पडणारे १० किलोवॉट कॅमेऱ्यातले नव्हेत. ते वीज मंडळाकडून आलेले असतात, केवळ चित्राप्रमाणे कोरलेले. वाढवणे म्हणजे मोठ्या दगडावर लहान चित्राची नक्कल करणे. मूळच्या नाकाला जरा बाक असेल तर तो बाक तसाच उतरला पाहिजे, अधिकही नाही आणि उणाही नाही.

मग ही नक्कल एकदम का करीत नाहीत? एकच मोठा व्हॉल्व्ह घ्यावा आणि मिलिवॉटचे किलोवॉट करावेत. तसे होत नाही, याला कारणे दोन. पहिले असे की मोठ्या पाण्याचे दारही मोठे आणि जड असते. ते पोराच्या हाताने हलत नाही. म्हणून आधी लहान दार, त्याच्या पाण्याने फिरणारे चाक, त्या चाकाने उघडणारे मधले दार, अशी चढती रांग लावावी लागते. दुसरे कारण लग्नाच्या मांडवात सर्वांनी ऐकलेले आहे. ध्वनिक्षेपकाचा कर्णा मायक्रोफोनच्या फार जवळ आला आणि आवाज वाढवला की कानठळ्या बसवणारी शिटी सुरू होते. बाहेर पडलेले बळ पुन्हा आत शिरते, वाढते, पुन्हा आत शिरते. एकाच टप्प्यात फार वाढ मागितली की व्हॉल्व्हही असाच शिटी घालू लागतो. ती शिटी कानाला ऐकू येत नाही इतकेच. चित्राचे मात्र मातेरे होते. १९२० च्या दशकात व्हॉल्व्हमध्ये आणखी एक पडदाजाळी घालण्याची युक्ती रूढ झाली. तिने पत्र्याचे बळ परत जाळीकडे जाईना, आणि एकेका टप्प्यात बरीच अधिक वाढ साधता येऊ लागली. आमच्या खोलीतले मोठे व्हॉल्व्ह याच चार अवयवांच्या घराण्यातले.

उदाहरणादाखल हिशेब मांडतो. १० मिलिवॉटचे पहिल्या काही लहान टप्प्यांत १ वॉट. पुढे २५ वॉट. त्यानंतर ५०० वॉट. आणि अखेरच्या टप्प्यात १० किलोवॉट. १०० पट, मग २५ पट, मग २० पट, आणि पुन्हा २० पट. गुणाकार करून पाहा, बरोबर दहा लक्ष होतो. केंद्राकेंद्रांत आकडे थोडे निराळे असत, पण पायऱ्या अशाच. त्याही आधी एक्साइटर नावाच्या पेटीत चित्र एका वाहक लहरीवर बसवले जाई. ही मधली लहर ३८.९ मेगाहर्ट्झची. तिच्यावरच चित्राची नको असलेली बाजू कातरून टाकीत, आणि मग ते सारे त्या त्या केंद्राच्या लहरीवर नेऊन ठेवीत. मुंबईला चौथा चॅनेल होता, ६१ ते ६८ मेगाहर्ट्झचा. त्यात चित्राची लहर ६२.२५ मेगाहर्ट्झ.

पहिल्या टप्प्यात शिरलेला दोष पुढचे सारे टप्पे इमानाने वाढवतात. सुरुवातीच्या पेटीत विजेच्या पुरवठ्याची किंचित गुणगुण मिसळली, तर शेवटी घरोघरच्या पडद्यावर आडवे पट्टे सरकू लागतात. म्हणून आमच्याकडे सर्वांत अधिक लाड सर्वांत दुबळ्या पेटीचे होत.

आवाजाचा मार्ग निराळा असे. त्याची लहर चित्राच्या लहरीहून साडेपाच मेगाहर्ट्झ वर, आणि शक्ती चित्राच्या पाचव्या किंवा दहाव्या हिश्श्याची. आवाज लहरीच्या उंचीत नव्हे, तिच्या वेगात, म्हणजे कंपनसंख्येत लपवलेला असल्याने त्याचे व्हॉल्व्ह कसेही पिळून काढले तरी चालत. चित्राचे तसे नाही. चित्र लहरीच्या उंचीत असते, म्हणून उंचीला धक्का लागला की चित्राला लागला. अखेरीस चित्र आणि आवाज एका जोडपेटीत एकत्र होऊन जाड नळीवाटे मनोऱ्यावर चढत.

दिवाळी अंकात सांगण्याजोगी एक मौज येथे आहे. आपली समजूत अशी, की उजेडाला तेल लागते आणि अंधार फुकट असतो. प्रक्षेपकाच्या राज्यात हे उलटे होते. आपल्याकडच्या पद्धतीत चित्र जितके काळे तितकी लहर उंच, आणि जितके पांढरे तितकी बुटकी. १० किलोवॉटच्या प्रक्षेपकावर संपूर्ण काळा पडदा दाखवला तर सरासरी सुमारे ६ किलोवॉट बाहेर पडत. संपूर्ण पांढरा दाखवला तर २ किलोवॉटच्या आसपास. आकाशकंदिलांनी उजळलेली आळी स्वस्तात जाई, आणि रहस्यपटातली काळोखी रात्र महाग पडे! यामागे चतुराई होती. रस्त्यावरच्या स्कूटरची ठिणगी लहरीत मिसळली तर या पद्धतीत पडद्यावर पांढरे लखलखते ठिपके न येता काळे ठिपके येतात, आणि ते डोळ्याला कमी खुपतात.

आणि काळ्याहूनही उंच असा एक भाग असे. प्रत्येक ओळ संपली की संचाला ‘आता नवी ओळ सुरू कर’ असे सांगणारा खुणेचा ठोका. त्याला सिंक म्हणतात. चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रे. म्हणजे दर सेकंदाला १५,६२५ ठोके. भजनात टाळाचा ठोका चुकला की साऱ्यांचे गाणे विस्कटते, तसे हा ठोका दबला की घरातले चित्र तिरपे होते किंवा पडद्यावर गडगडत वर-खाली लोळू लागते. प्रक्षेपकाची पूर्ण शक्ती म्हणून जी सांगतात, ती याच ठोक्याच्या माथ्यावर मोजलेली असते.

या ठोक्यावरून घडलेला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. केंद्राचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. डोंगरावरची जागा होती, पावसाळ्याचे दिवस होते, आणि मी नोकरीत नवा होतो. आमच्यातल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञांना सारे काका म्हणत. यंत्र सुरू करण्याचा त्यांचा क्रम पूजेसारखा ठरलेला असे. आधी ब्लोअर, म्हणजे व्हॉल्व्हवर वारा घालणारा मोठा पंखा. मग व्हॉल्व्हच्या तारा तापवणे. त्या नीट तापेपर्यंत काही मिनिटे स्वस्थ बसणे. मग जाळीचा दाब, मग पत्र्याचे हजारो व्होल्ट, मग पडदाजाळी. आणि सर्वांत शेवटी चित्र. बंद करताना हाच क्रम उलटा, आणि सारे बंद झाल्यावरही पंखा काही मिनिटे चालूच, कारण मुख्य तारेतून घेतलेल्या विजेचा मोठा भाग लहर न होता नुसती उष्णता होतो. मागचे दार उघडले की वीज आपोआप तुटे. तरीही काका आधी लाकडी दांड्याची, जमिनीशी जोडलेली आकडी प्रत्येक भागाला टेकवीत आणि मगच हात घालीत. “दारावर विश्वास ठेवावा, पण आकडीशिवाय हात घालू नये,” असे ते म्हणत.

त्या आठवड्यात अखेरच्या टप्प्यातला व्हॉल्व्ह म्हातारा होत चालला होता. मीटर १० वरून ८ किलोवॉटवर उतरला होता, आणि नवा व्हॉल्व्ह वाटेत अडकला होता. वरिष्ठांचा दूरध्वनी आला. ड्राइव्ह वाढवा आणि मीटर १० वर आणा. म्हणजे आधीच्या टप्प्याने अधिक जोर लावून या थकलेल्याला ढकलावे. काकांनी मुठीत रिसीव्हर धरून शांतपणे सांगितले, “साहेब, ढकलला की काटा पुढे जाईल थोडा. पण हा आता वर वाकत नाही. माथा चेपला जाईल त्याचा. सिंक दबेल.” पलीकडून काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. रिसीव्हर ठेवून ते माझ्याकडे वळले.

“काका, मग काय करायचं?” मी विचारले.

“काही नाही. आठावर राहू दे. अरे, दहाचे आठ झाले हे खाली कुणाला कळणार नाही. पण ठोका चेपला, तर लांबच्या गावात चित्र लोळायला लागेल. तिथं आधीच बिचाऱ्यांना कसंबसं दिसतं.”

आणि त्यांनी लॉगबुकात खरा आकडा लिहिला. ८.

त्यांचे गणित पक्के होते. शक्ती दहाची आठ होणे म्हणजे आमच्या मापाने एक डेसिबल. पडद्यावर एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. उलट चेपलेला ठोका जवळच्या संचांना सोसला असता, पण सीमेवरच्या गावांत जिथे लहर आधीच विरळ झालेली असते तिथे चित्र कोलमडले असते. मीटर खूश झाला असता, आणि ज्याला सर्वांत कमी मिळत होते त्याचेच आणखी गेले असते. चार दिवसांनी नवा व्हॉल्व्ह आला. त्या चार दिवसांत चित्राबद्दल एकही तक्रार आली नाही.

बळ दिले, तरी लहर कोठवर जाणार? या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत चालतात. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. त्या माथ्यावरून त्यांचे क्षितिज सुमारे ७० किलोमीटरवर येते. शक्ती दुप्पट केली म्हणून हे क्षितिज दुप्पट होत नाही. पुण्याच्या वाटेत तर सह्याद्री आडवा. म्हणून १९७३ साली सिंहगडावर पुण्याचे केंद्र उभे राहिले. मुंबईचा कार्यक्रम गडावर पोहोचे, तेथे त्याला पुन्हा टप्प्याटप्प्याने बळ मिळे, आणि दुसऱ्या लहरीवर बसून तो पुण्यावर उतरे. लहर निराळी ठेवण्याचे कारण पुन्हा तेच, मांडवातली शिटी. एकाच लहरीवर घेतले आणि सोडले, तर गड स्वतःचाच आवाज ऐकू लागला असता. ज्या सह्याद्रीने मुंबईचे चित्र अडवले, त्याचेच नाव पुढे दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला मिळाले, आणि तोवर ती उपग्रहावरून येऊ लागल्याने तिला कोणताच डोंगर आडवा येत नव्हता.

नवी मुंबईत डोंगर आडवा येण्याऐवजी पाठीशी होता. वाशी-नेरूळच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या अँटेना पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असत. मागे पारसिकची रांग. तिच्यावर आपटून परतलेली लहर उशिरा पोहोचे आणि माणसाच्या शेजारी त्याचे भूत उभे करी. एक किलोमीटर अधिक चाललेली लहर सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागांपैकी सुमारे तीन भाग उशिरा येते, आणि हातभर रुंद पडद्यावर ते भूत इंच-दीड इंच उजवीकडे दिसते. मग गच्चीवर मुलगा, खिडकीत आई आणि संचासमोर आजी, अशी रांग लागे. “आलं का?” “आलं, आलं... गेलं!” निरोप पोहोचवण्याचे तेही टप्पेच.

पनवेल-उरणच्या पलीकडे राहणाऱ्यांनी अँटेनेला ‘बूस्टर’ जोडले. हा घरगुती वर्धक. पुष्कळांची निराशा झाली, कारण चित्राबरोबर पडद्यावरच्या मुंग्याही वाढल्या. लहर आणि गोंगाट यांची एकदा मिसळण झाली की वर्धकाला त्यांतला फरक कळत नाही. बूस्टर खाली संचाजवळ न लावता वर अँटेनेच्या बुडाशी लावला, तर थोडा लाभ होई. तारेतून उतरताना लहर आणखी क्षीण होण्याआधीच तिला हात मिळे.

याच परिसरात, तळोज्याला, १९८६ च्या सुमारास भारत इलेक्ट्रॉनिक्सने संचांच्या चित्रनळ्यांची काच बनवण्याचा कारखाना उभारला. दूरदर्शनचे कितीतरी प्रक्षेपकही याच सरकारी कंपनीने बनवलेले. म्हणजे मनोऱ्याखालची कपाटे आणि दिवाणखान्यातल्या पडद्याची काच, या दोन टोकांपैकी एक टोक नवी मुंबईच्या हद्दीत होते. तो काळ भरतीचा. १९८२ मध्ये रंग आले. १९८४ मध्ये काही महिने तर देशात दिवसाला जवळजवळ एक या वेगाने लहान प्रक्षेपक सुरू होत होते, बहुतेक १०० वॉटचे, एका गावापुरते.

मग व्हॉल्व्ह मागे पडले. ट्रान्झिस्टरच्या प्रक्षेपकांत एका महाकाय व्हॉल्व्हऐवजी अनेक लहान वर्धक शेजारी शेजारी काम करतात आणि त्यांचे बळ शेवटी एकत्र होते. त्यातला एक निकामी झाला तर प्रक्षेपण बंद पडत नाही, शक्ती थोडी उतरते इतकेच. ही व्यवस्था निर्विवाद चांगली. हजारो व्होल्ट गेले, तापण्याची वाट पाहणे गेले, आकडीही भिंतीवर टांगून राहिली.

त्यानंतर केबल आली, घराघरावर तबकड्या आल्या. २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत दूरदर्शनने अंकीय प्रक्षेपण सुरू केले. जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करीत आणले गेले, आणि मोजकी मोक्याची ठिकाणे वगळता सारे ३१ मार्च २०२२ पर्यंत थांबवण्याचे ठरले. कालबाह्य यंत्र थांबवणे योग्यच होते. त्याबद्दल मला रडगाणे गावयाचे नाही. आणि तत्त्व म्हणाल तर ते कोठेच गेलेले नाही. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या पुष्कळ उपग्रहांत आजही निर्वात नळीच्याच घराण्यातला वर्धक बसलेला असतो. त्याने पाठवलेली लहर तुमच्या गच्चीवर पोहोचते ती इतकी क्षीण, की तबकडीच्या तोंडाशी असलेली मुठीएवढी डबी तिला जागच्या जागी वाढवते, मगच तारेत सोडते. बूस्टर वर लावावा, हे पनवेलकरांना सापडलेले शहाणपण आता प्रत्येक घरावर आहे.

दुःख आहे ते निराळेच. यंत्रे भंगारात गेली तशी माहितीही गेली. कार्यक्रमांच्या चित्रफिती कोणी ना कोणी जपल्या. जपल्या नाहीत त्यांबद्दल लोक हळहळले तरी. प्रक्षेपकांची लॉगबुके मात्र रद्दीच्या भावाने गेली, आणि त्याबद्दल कोणी हळहळलेही नाही. त्या वह्यांत तासातासाला आकडे लिहिलेले असत: पत्र्याचा दाब, प्रवाह, बाहेर गेलेली शक्ती, परत आलेली शक्ती, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. कोणत्या रात्री पावसाने वीज गेली, कोणी डिझेलचे यंत्र चालू केले, किती मिनिटे पडदा काळा राहिला, हे सारे त्या रकान्यात. महाराष्ट्राने दूरदर्शन पाहिले त्या प्रत्येक संध्याकाळची ती बखर होती.

तेव्हा वाचकांना एक विनंती. नवी मुंबईत, पुण्यात, नागपुरात, डोंगरावरच्या केंद्रांत नोकरी करून निवृत्त झालेली पुष्कळ माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कदाचित तुमच्याच घरात, नाहीतर शेजारच्या इमारतीत. त्यांना कोणी कधी मुलाखतीला बोलावले नाही. या दिवाळीत फराळाचे ताट त्यांच्यापुढे ठेवून विचारा, तुमच्याकडे किती टप्पे होते, अखेरचा व्हॉल्व्ह कोणता होता, आणि तो थकला तेव्हा तुम्ही काय केलेत. त्यांनी सांगितलेले लिहून घ्या, तारखेसह. आमच्या काकांचा तो आठाचा आकडा ज्या वहीत होता, ती वही आज मला कोठे पाहावयास मिळणार नाही. म्हणून तो मी येथे लिहून ठेवला.